नोकरी सांभाळून एम.एस्सी. नर्सिंग होते का?

प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. नर्सिंग करून नऊ वर्षं झाली, त्यातली सहा मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात, आयसीयूत. पगार २८ हजार. मुलगी तिसरीत, घराचा हप्ता चालू. मैत्रीण इंग्लंडात नोकरी करता करता क्लिनिकल नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, तसं इथे जमेल का? आणि एक एजंट ‘नॉन-अटेंडिंग’ एम.एस्सी.ची सीट देतो म्हणतोय, फक्त परीक्षेला यायचं. घेऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुम्ही टोकन भरायच्या बेतात आहात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. घेऊ नका.

कारण नीट समजून घ्या. नर्सिंग शिक्षणाचे नियम देशभरासाठी ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स आहे. वर्षाला १७०० तास, म्हणजे दोन वर्षांत ३४०० तास. त्यातले ९०० थिअरीचे आणि २५०० प्रॅक्टिकलचे. हजेरी थिअरीला आणि प्रॅक्टिकलला किमान ८० टक्के लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. हे तास शनिवार-रविवारात बसत नाहीत. दूरशिक्षणाने, पत्रद्वारा किंवा पार्ट-टाइम एम.एस्सी. नर्सिंग अशी मान्य गोष्ट आपल्याकडे नाही. एजंट विकतोय ती खोटी हजेरी. कॉलेज खरं असेल, विद्यापीठही खरं असेल, पण तुमच्या नावापुढचे तास खोटे असतील.

आणि हे पकडलं जातं. माझ्या हाताखालची एक चांगली, कामसू मुलगी अशीच परराज्यातल्या एका कॉलेजातून एम.एस्सी. झाली. दोन्ही वर्षं इथे नाइट ड्यूट्या करत होती. पुढे आखातात नोकरी लागली तेव्हा कागदपत्रं पडताळणीला गेली. तिकडची आरोग्य खाती डेटाफ्लोसारख्या संस्थेकडून प्रत्येक कागद थेट मूळ जागी विचारून घेतात. एका बाजूला ट्रान्सक्रिप्टवर दोन वर्षांचे पूर्णवेळ क्लिनिकल तास, दुसऱ्या बाजूला त्याच दोन वर्षांचं पूर्णवेळ नोकरीचं एक्सपिरियन्स लेटर. तारखा समोरासमोर आल्या. दोन्ही कागदांवर सही-शिक्का होता, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं. तिची नोकरी गेली, वर तिचा जो अनुभव खरा होता त्यावरही शंका आली. ती माझ्यासमोर बसून रडली तो दिवस मी विसरलेले नाही. म्हणून इतकं ठामपणे सांगते आहे.

आता इंग्लंडबद्दल. तुमची मैत्रीण खरंच सांगते आहे. तिकडे मास्टर्स १८० क्रेडिटची असते. ६० क्रेडिट झाले की पदव्युत्तर सर्टिफिकेट, १२० झाले की डिप्लोमा. एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास, त्यात वर्ग, वाचन, लेखन सगळं आलं. वीस क्रेडिटचं एक मॉड्यूल म्हणजे २०० तास. एका सत्रात एक मॉड्यूल घेतलं, मध्ये बाळंतपण आलं म्हणून थांबलं, पुन्हा सुरू केलं, तरी कमावलेले क्रेडिट तिच्या नावावर राहतात. शिवाय तिचा आठवडा साडेसदतीस तासांचा आहे आणि वॉर्ड मॅनेजरने मान्य केलं तर अभ्यासाचा दिवस ड्यूटीत धरला जातो. आपल्या एम.एस्सी.चा हिशेब वर्षाच्या हजेरीवर चालतो. मध्येच उठलात तर हातात काहीच राहत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला हे जाचक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यात बदल व्हावा असं मी जमेल तिथे बोलत आले आहे. पण तुम्हाला निर्णय आजच्या नियमांवर घ्यायचा आहे. आणि इथे बसून परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन मास्टर्स केलीत, तर शिकाल पुष्कळ, पण इथलं कॉलेज ती एम.एस्सी. नर्सिंग म्हणून धरेल असं गृहीत धरू नका.

मग उरतं काय? त्याआधी मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, जी तुमच्या पत्रात नाही. शिकून तुम्हाला उभं कुठे राहायचंय? पेशंटच्या खाटेपाशी की वर्गात फळ्यापाशी?

हा प्रश्न मी विचारते कारण आपल्याकडे एम.एस्सी.ची पदवी मुख्यतः शिकवण्याचं दार उघडते. असिस्टंट प्रोफेसर आणि त्यावरच्या पदांना ती लागतेच. रुग्णालयात मात्र एम.एस्सी. झालेली सिस्टर पुष्कळदा त्याच खाटेपाशी, जवळपास त्याच पगारावर उभी असते. अभ्यासक्रमात दोन्ही आहे, खाटही आणि फळाही. ३४०० तासांपैकी १९०० तास तुमच्या क्लिनिकल विषयाचे. नर्सिंग एज्युकेशन आणि मॅनेजमेंट मिळून ६००. बाकी अ‍ॅडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस, संशोधन, डेझर्टेशन. शिकवायची ओढ असेल तर हे सगळं सोन्यासारखं आहे. मेडिकल सर्जिकल नर्सिंग घ्या. त्यात दुसऱ्या वर्षी क्रिटिकल केअर, कार्डिओथोरॅसिक, ऑन्कोलॉजी, न्यूरो अशी उपशाखा मिळते, म्हणजे तुमची सहा वर्षं वाया जात नाहीत. बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि नंतरचा एक वर्षाचा अनुभव एवढी किमान पात्रता तुमच्याकडे असणारच.

पण मला वाटतं तुम्हाला खाटेपाशीच राहायचंय. तुम्ही लिहिलंय, ‘रात्री पेशंट बिघडतोय हे कळतं, पण डॉक्टरांना फोनवर सांगताना शब्द सापडत नाहीत.’ हे वाक्य वाचून मी थांबले. कारण ही माझी स्वतःची गोष्ट आहे.

मी तेव्हा चार वर्षांची सिस्टर होते. पहाटेचे तीन. सहा नंबरच्या खाटेवर आतडं फुटून ऑपरेशन झालेले एक काका, दुसरा दिवस, वजन ६२ किलो. दोन वाजता यूरोबॅगमध्ये तासाभराची लघवी २० मिलि. तीन वाजता १५. नाडी ११८. बीपी १००/६०. हात गार, कपाळ ओलं, आणि ते सारखी चादर ओढत होते. चार्टवर श्वासाचा आकडा रात्रभर २०, २०, २०. तो मीच लिहिला होता, न मोजता, जसा तो सगळीकडे लिहिला जातो. मी रेसिडेंटला, म्हणजे ड्यूटीवरच्या पी.जी. डॉक्टरला, फोन केला आणि म्हणाले, ‘सर, सहा नंबर बरा वाटत नाही.’ त्याने विचारलं, ‘बीपी किती?’ मी सांगितलं. ‘मग ठीक आहे, बघा जरा, राउंडला बघू.’ मी फोन ठेवला. पाच वाजता तो दुसऱ्या पेशंटसाठी आला तेव्हा त्याने काकांकडे पाहिलं आणि सहा वाजता ते व्हेंटिलेटरवर होते.

सात वर्षांनी मी बिनपगारी रजा घेऊन एम.एस्सी.ला बसले. एका तासाला बाई शॉक, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होणं, शिकवत होत्या. शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं, त्यासाठी हातापायांच्या आणि किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून हात आधी गार पडतात, लघवी आधी कमी होते, श्वास आधी वाढतो आणि बीपी सर्वांत शेवटी पडतं. मी वहीत लिहिता लिहिता थांबले. सहा नंबरचे काका डोळ्यांपुढे आले. त्या रात्री माझ्या डोळ्यांना सगळं दिसत होतं, फक्त त्याची साखळी मला जोडता येत नव्हती. ६२ किलोच्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिलि, म्हणजे किमान ३१ मिलि लघवी हवी, हा साधा हिशेब जरी मी फोनवर मांडला असता तरी रेसिडेंट उठला असता. ‘सर, दोन तास लघवी ३१च्या खाली, आधी २० मग १५. नाडी ११८. श्वास मी मिनिटभर मोजला, ३० आहे. हात गार, पेशंट अस्वस्थ. मला सेप्सिसची शंका आहे, तुम्ही आत्ता या.’ एवढंच बोलायला हवं होतं. (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीरच ढासळू लागणं.) क्लिनिकल शिक्षणातून मला मिळालं ते हे, आणि तुम्हालाही तेच हवंय असं मी धरून चालते.

तसं असेल तर तुमच्यासाठी एम.एस्सी.पेक्षा जवळचा रस्ता आहे, ज्याची माहिती आपल्याकडच्या सिस्टरांपर्यंत फार कमी पोचली आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ नावाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी कोर्स आणला आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही नर्स प्रॅक्टिशनरच्या केडरचा, म्हणजे स्वतंत्र संवर्गाचा, उल्लेख आहे. बी.एस्सी. नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तो आयसीयूतला असेल तर उत्तम. रेसिडेन्सी म्हणजे डॉक्टरांच्या पी.जी.सारखंच. आयसीयूत आठ तासांची ड्यूटी, आठवड्याला एक सुट्टी, मधूनमधून ऑन-कॉल, आणि शिकणं बहुतांशी खाटेपाशी. थिअरीत अ‍ॅडव्हान्स पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि शारीरिक तपासणी हे तीन विषय पाया आहेत. लॉगबुकमध्ये प्रत्येक कौशल्य प्रीसेप्टरच्या, म्हणजे खाटेपाशी शिकवणाऱ्या अनुभवी मार्गदर्शकाच्या, सहीने भरावं लागतं, आणि प्रीसेप्टर डॉक्टरही असतात, सिस्टरही. चार-पाच खाटांमागे एकच विद्यार्थी, त्यामुळे गर्दीत हरवायला होत नाही.

आणि तुमच्या घराच्या हप्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं वाक्य आता. कौन्सिलच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवेत असलेल्या उमेदवाराला नेहमीचा पगार चालू राहतो, आणि बाहेरून आलेल्याला कोर्स चालवणाऱ्या रुग्णालयाच्या वेतनरचनेप्रमाणे पैसे मिळतात. म्हणजे ‘नोकरी सांभाळून’ हे तुमचे शब्द ज्याला सगळ्यात जास्त लागू पडतात असा पदव्युत्तर कोर्स आपल्याकडे हाच. हिशेब करून पाहा. एम.एस्सी.ला गेलात तर २४ महिन्यांचा २८ हजारांप्रमाणे पगार बुडतो ६ लाख ७२ हजार, वर फी, होस्टेल. रेसिडेन्सीत पगार थोडा कमी झाला तरी हप्ता थांबत नाही.

अडचणीही सांगते, लपवत नाही. हा कोर्स ठिकठिकाणी नाही. तो मोठ्या रुग्णालयाला जोडलेल्या संस्थेतच चालू शकतो, त्यामुळे मिरज सोडावं लागण्याची तयारी ठेवा. झाल्यावर ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणून वेगळं पद बहुतेक ठिकाणी अजून निर्माण झालेलं नाही. औषधं आणि तपासण्या संस्थेने ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये राहून, स्वतंत्र प्रिस्क्रिप्शन नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी रुग्णालयाला लेखी विचारा: कोर्सनंतर पद कोणतं, पगार किती, बॉण्ड किती वर्षांचा. तोंडी ‘बघू, करू’ यावर जाऊ नका. आपल्या क्षेत्रात बायकांचं सर्वांत जास्त नुकसान ‘बघू, करू’ने झालंय.

दोन वर्षं घर सोडणं आत्ता शक्यच नसेल तर तिसरा रस्ता पोस्ट बेसिक डिप्लोमाचा. एका वर्षाचा, रेसिडेन्सी पद्धतीचा. क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी, निओनेटल, ऑपरेशन रूम, इमर्जन्सी, न्यूरो, बर्न्स, मानसिक आरोग्य अशा कितीतरी शाखा आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलचा ऑन्कोलॉजी नर्सिंगचा डिप्लोमा करून आलेली सिस्टर केमो पोर्ट (केमोची औषधं देण्यासाठी त्वचेखाली बसवलेलं साधन) हाताळताना पाहिली की कळतं, एका वर्षात हात किती बदलतात. याला पदव्युत्तर पदवी म्हणत नाहीत, कागदावर हा डिप्लोमा एम.एस्सी.च्या बरोबरीचा नाही. पण खाटेपाशीच्या कामासाठी खोट्या एम.एस्सी.पेक्षा तो हजार पटींनी मोलाचा. जीएनएम, म्हणजे पदवीऐवजी नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या सिस्टरांनाही तो खुला आहे, हे तुमच्या वॉर्डातल्या बाकीच्यांना सांगा. जीएनएमवाल्यांसाठी आणखी एक: इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा नोकरी करणाऱ्या नर्सेससाठीच बेतलेला आहे, आणि दूरशिक्षणाच्या नावाखाली चाललेल्या बाजारात तो खरा अपवाद. पण तो पदवीपर्यंतचा, त्यापुढचा नाही.

सरकारी सेवेत असणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना अध्ययन रजेची तरतूद आहे, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ वाचावेत, आणि परत येऊन ठरावीक काळ सेवा देण्याचा बॉण्ड असतो. तुम्ही खासगीत आहात म्हणून त्यात जास्त शिरत नाही. पण खासगीतही मेट्रनना विचारायला काय हरकत आहे? सहा वर्षं टिकलेली आयसीयू सिस्टर रुग्णालयाला सोन्याच्या भावानेही मिळत नाही. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची तपासणी आली की प्रशिक्षित नर्सेस किती, हे त्यांनाच दाखवावं लागतं. ‘मला पाठवा, परत येऊन दोन वर्षं इथेच काम करते आणि नवीन मुलींना शिकवते’ असा लेखी प्रस्ताव घेऊन जा. मी इनचार्ज असताना असे तीन अर्ज पुढे पाठवले, त्यातला एक मंजूर झाला. एक झाला हेही कमी नाही.

कोणताही प्रवेश घेताना संस्थेचं नाव तीन ठिकाणी स्वतः तपासा: इंडियन नर्सिंग कौन्सिल, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा ज्या विद्यापीठाशी ते संलग्न असेल ते. नुसतं कॉलेजचं नाव यादीत असून चालत नाही, तो कोर्स, ती शाखा आणि ते वर्ष यादीत हवं. बी.एस्सी.ला मान्यता असलेलं कॉलेज एम.एस्सी.ची जाहिरात करतं आणि मुली फसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचं. प्रवेश मिळेपर्यंत वर्ष जाईल. ते वर्ष रिकामं घालवू नका. एक दोनशे पानी वही घ्या. आठवड्याला एकच पेशंट. नाव लिहायचं नाही, खाटेचा नंबरही नाही, गोपनीयता आधी. वय, वजन, निदान. चालू असलेलं प्रत्येक औषध, ते का चालू आहे, आणि ते बंद झालं तर काय होईल. त्या दिवशीच्या रक्ततपासण्यांचे आकडे, म्हणजे एबीजी (रक्तातले वायू), लॅक्टेट, क्रिएटिनिन, आणि कालच्यापेक्षा वर की खाली. मग एक ओळ: ‘पुढच्या सहा तासांत हा बिघडला तर आधी काय दिसेल?’ दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं, तुमचा अंदाज बरोबर होता का. चुकला असेल तर का, हे इन्टेन्सिव्हिस्टना, म्हणजे आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांना, राउंडनंतर विचारायचं. ते घाईत असतात, पण नेमका प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या सिस्टरला क्वचितच कुणी परतवतं.

नाइट करून आल्यावर अभ्यास करू नका, काही डोक्यात शिरत नाही. आधी झोपा. इव्हिनिंग ड्यूटीच्या दिवशी सकाळी मुलगी शाळेत गेली की चाळीस मिनिटं, एवढं पुरे. घरच्यांना सांगून ठेवा की ती चाळीस मिनिटं तुमची आहेत, त्यात कुकर लावायचा नाही.

पहिल्या पानावर पोटाच्या ऑपरेशननंतरचा पेशंट घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा. घड्याळ हातात धरून पूर्ण साठ सेकंद त्याचा श्वास मोजा आणि चार्टवर आधीच लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. जे सापडेल ते मला लिहून कळवा.